बटणांच्या डब्यात सापडलेला तिकोनी बिल्ला (१९१६) – कोणाचा असावा?

सुईदोरा (धागाकर्ती) | रविवार, संध्याकाळी ७:१०

मंडळी, नमस्कार. एरवी मी विणकाम-भरतकामाच्या धाग्यांवर पडीक असते. आज जरा वेगळ्या विषयावर मदत हवी आहे.

मी लीड्सला राहते. शेजारच्या आजी (वय ८६, एकट्याच असतात) घर आवरून मुलीकडे राहायला चालल्यात. मी शिवण करते हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून परवा त्यांनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा हातात ठेवला. "बटणं आहेत गं, तुला उपयोगी पडतील." घरी येऊन डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. शिंपल्याची बटणं, ओव्हरकोटाची मोठी बटणं, दोन अंगुस्तानं, गंजलेले हूक, आणि सगळ्यात तळाशी तीन बिल्ले.

एक पितळी, तिकोनी. त्यावर 'ऑन वॉर सर्व्हिस' आणि १९१६ असं उठावाचं लिहिलंय. मागे आडवी पिन आहे, वाकलेली. मागची बाजू घासून इतकी गुळगुळीत झालीय की काही वाचता येत नाही. दुसरा चांदीसारखा दिसतो, ए.आर.पी. अशी अक्षरं, वर मुकुट, मागे पिन आणि अगदी बारीक ठसे. तिसरा मिन्याचा, मधे गव्हाची पेंढी.

बिल्ले परत द्यायला गेले तर म्हणाल्या, तिकोनी माझ्या आजीचा. ती इथल्या बार्नबोच्या कारखान्यात तोफेचे गोळे भरायची आणि हा छातीवर लावून काम करायची. बाकीचे दोन कोणाचे ते त्यांना नीट आठवत नव्हतं. आमच्या घरच्या तज्ज्ञांचं मत असं की तिकोनी बिल्ला नर्सचा असणार, कारण "बायका तेव्हा युद्धात दुसरं काय करणार?" (या वाक्यावर घरात वेगळं युद्ध झालं, ते सोडा.)

जाणकारांनी प्रकाश टाकावा. फोटो उद्या दिवसाच्या उजेडात काढून टाकते.

---

जुना_बाजार | रविवार, रात्री ९:०२

ताई, सगळ्यात आधी हात जोडून विनंती. घासू नका. पितांबरी नाही, चिंच नाही, लिंबू-मीठ नाही, टूथपेस्ट तर अजिबात नाही. पितळ दिसलं की आपल्या बायकांचे हात शिवशिवतात, आमच्या हिने माझं एक अख्खं पाकीट दिवाळीच्या समयांबरोबर लख्ख करून ठेवलं होतं. ती काळपट झाक हेच त्याचं वय. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसा, बास.

आता बिल्ल्याबद्दल. तीस-एक वर्षं पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार फिरून एक शिकलो: बिल्ला हातात आला की आधी उलटा करायचा. पुढची बाजू काय वाटेल ते सांगते, खरं मागे असतं. त्या काळच्या ब्रिटिश बिल्ल्यांत पुरुषांच्या बिल्ल्यामागे चंद्रकोरीसारखी पट्टी असे, कोटाच्या कॉलरच्या काजात सरकवायला. बायकांच्या कपड्यांना तसं काज कुठलं? म्हणून त्यांच्या बिल्ल्याला ब्रोचसारखी पिन. तुमच्या पहिल्या दोन्हींना पिन आहे म्हणता, म्हणजे दोन्ही बायकांचे. तिसरा उलटा करून बघा.

तिकोनी तर निःसंशय. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या मिनिस्ट्री ऑफ म्युनिशन्सने, म्हणजे दारूगोळा खात्याने, युद्धकामावरच्या बायकांसाठी मे १९१६ पासून दिलेला हा बिल्ला. नर्सचा नाही. घरच्या तज्ज्ञांना कळवा.

---

बाराबंदी | रविवार, रात्री ९:४०

वाचतोय. पण एक कळलं नाही. कामगाराला बिल्ला कशाला? हजेरीसाठी?

---

तिखटमीठ | रविवार, रात्री १०:१५

@बाराबंदी, आपल्याकडे हमालाला बिल्ला असतोच की. आणि चपराशी हा शब्दच मुळी 'चपरास'वरून आलाय, पट्ट्यावरची पितळी पाटी. बिल्ला गेला, शिपाई राहिला. (अवांतराबद्दल क्षमस्व.)

---

धूळपाटी | रविवार, रात्री ११:३०

हजेरीसाठी नव्हे. गोष्ट जरा लांबची आहे, चहा घेऊन बसा.

ऑगस्ट १९१४. ब्रिटनमध्ये अजून सक्तीची सैन्यभरती नव्हती, सगळा भर स्वयंस्फूर्तीवर. चार्ल्स फिट्झजेराल्ड नावाच्या एका निवृत्त ॲडमिरलने फोकस्टन गावात बायकांना हाताशी धरून एक टूम काढली: रस्त्यात साध्या कपड्यातला तरणाताठा पुरुष दिसला की त्याच्या हातात पांढरं पीस द्यायचं. पांढरं पीस म्हणजे भित्रा. बांगड्या भरणे म्हणतो ना आपण, तेच. ही टूम देशभर पसरली. आता गंमत बघा, गोदीत युद्धनौका बांधणारा कारागीर, तोफा ओतणारा लोहार हे सगळे साध्याच कपड्यात. रात्रपाळी करून ट्रामने घरी चाललेल्या माणसाला चार लोकांत पीस मिळायचं. काही जण त्या अपमानाने काम सोडून खरंच भरती झाले, आणि इकडे कारखान्यात हात कमी पडायला लागले.

यावर उपाय म्हणून बिल्ला. १९१४च्या अखेरीला नौदल खात्याने आपल्या कामगारांसाठी काढला. मे १९१५मध्ये आघाडीवर तोफगोळे पुरत नाहीत म्हणून मोठा गदारोळ झाला, जूनमध्ये मंत्री लॉइड जॉर्जच्या हाताखाली नवं दारूगोळा खातं उभं राहिलं आणि त्याने १९१५चा बिल्ला आणला. जानेवारी १९१६च्या कायद्याने सक्तीची भरती आली. मग तर बिल्ल्याला सोन्याचा भाव, कारण बिल्लेवाला माणूस कारखान्याला हवा आहे असं सरकारच सांगत होतं. साहजिकच वशिल्याचे बिल्ले, खोटे बिल्ले सुरू झाले, आणि कोणी कुठला बिल्ला लावायचा याचे नियम करावे लागले.

थोडक्यात, बिल्ला रस्त्यासाठी होता. कारखान्यात सगळ्यांना माहीतच असतं कोण काय करतं ते.

---

बाराबंदी | सोमवार, सकाळी ८:०५

धन्यवाद, झकास माहिती. पण मग माझा प्रश्न आणखी पक्का झाला. बायकांना ना भरतीची सक्ती, ना त्यांना कोणी पीस देणार. त्यांना कशाला?

---

लिंबलोण | सोमवार, सकाळी ८:५०

माझ्या मते हा सिल्व्हर वॉर बॅज आहे. १९१६चाच आहे तो. जखमी होऊन परत आलेल्यांना द्यायचे.

---

जुना_बाजार | सोमवार, सकाळी ९:२०

@लिंबलोण, साल बरोबर, बिल्ला वेगळा. सिल्व्हर वॉर बॅज सप्टेंबर १९१६ला आला, तो गोल, चांदीचा, मधे राजाची मोहोर आणि कडेने 'फॉर किंग अँड एम्पायर, सर्व्हिसेस रेंडर्ड'. मागे क्रमांक. जखमेमुळे किंवा आजारपणामुळे सैन्यातून मोकळ्या झालेल्यांना. त्यामागेही तेच पिसाचं कारण होतं म्हणा: एक पाय आघाडीवर सोडून आलेल्याला लोक भित्रा म्हणू नयेत. पण ताईंचा तिकोनी आणि पितळी. या दोहोंत घोळ होतो खरा. एकदा मुंबईच्या चोरबाजारात एका विक्रेत्याने मला तिकोनी बिल्ला "सोल्जरचा मेडल" म्हणून दाखवला होता. मी काही बोललो नाही, भाव वाढला असता.

---

सुईदोरा | सोमवार, दुपारी १:३०

फोटो टाकलेत. तिसऱ्याच्या मागेही पिनच आहे.

नवऱ्याला धागा वाचायला दिला. त्याने "असं होय" इतकंच म्हटलंय. आमच्याकडे याला माघार म्हणतात.

@बाराबंदीचा प्रश्न मलाही पडलाय.

---

धूळपाटी | सोमवार, दुपारी ३:१५

सांगते. १९१६पर्यंत चित्र पालटलं होतं. पुरुष आघाडीवर गेले तशा त्यांच्या जागी बायका आल्या. युद्ध संपेपर्यंत दारूगोळ्याच्या कामावर ९ लाखांच्या घरात बायका होत्या. त्यात कालपर्यंत दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या होत्या, कापडगिरणीतल्या होत्या, दुकानात माप मोजणाऱ्या होत्या. त्यांना कोणी भित्रट म्हणत नव्हतं, पण दुसरीच बोलणी खावी लागत. हातात पैसा आला, नवे कपडे घेतात, रात्री-बेरात्री एकट्या ट्रामने फिरतात, मोठमोठ्याने हसतात. हे ऐकताना ओळखीचं वाटतं ना?

नर्सच्या अंगावर गणवेश असे, तिला बघून लोक उठून जागा देत. गिरणीतल्या बाईच्या अंगावर साधा कोट. त्या कोटावर सरकारचं चिन्ह आलं की रात्री अकराला ट्राममध्ये एकटी बसलेली ही कोण, याचं उत्तर न विचारता मिळतं. पुरुषांच्या बिल्ल्याचा अर्थ 'हा पळपुटा नाही', बायकांच्या बिल्ल्याचा अर्थ 'ही कामावरून येतेय'. फरक बारीक आहे, पण मला तो फार मोठा वाटतो.

---

रसायनीकर | सोमवार, रात्री ८:४५

चर्चा छान चालली आहे. मी निवृत्त केमिस्ट, आयुष्य कारखान्यात गेलं, त्यामुळे एक शंका मांडल्याशिवाय राहवत नाही. सुईदोरा, तुमच्या शेजारच्या आजी म्हणतात की त्यांची आजी बिल्ला लावून गोळे भरायची. हे होणं शक्य नाही.

बार्नबो म्हणजे नॅशनल फिलिंग फॅक्टरी क्रमांक १, लीड्सजवळ क्रॉस गेट्सला. 'फिलिंग' म्हणजे रिकाम्या गोळ्यांत स्फोटक भरायचं काम. तिथल्या हवेत स्फोटकाची भुकटी तरंगत असते. धातूवर धातू घासून एक ठिणगी पडली तरी संपलं. म्हणून आत जाताना बायकांना आपले कपडे उतरवून कारखान्याचा झगा आणि टोपी घालावी लागे, पायात रबरी तळाचे बूट. केसांत आकडा चालत नसे, कंगवा नाही, काडेपेटी तर नाहीच. दारावर झडती घ्यायला बायकाच नेमलेल्या. तिथे पितळेचा टोकदार तिकोनी बिल्ला आणि वर पोलादी पिन? दारातच काढून घेतला असता आणि वर दंड.

तेव्हा बिल्ला खरा, आजीही खरी असेल. पण तो कामावर असताना कोटाबरोबर खुंटीला.

या कामाने बायका पिवळ्या पडत, त्याबद्दलही सांगतो. गोळ्यात भरत ते टीएनटी, ट्रायनायट्रोटोल्युइन. ते कातडीतून शरीरात जातं. हात, चेहरा पिवळा पडतो, कपाळावरचे केस तांबूस होतात. लोक या बायकांना 'कॅनरी' म्हणत, पिवळ्या पक्ष्यावरून. नुसता रंग असता तर ठीक, पण हे विष यकृत खातं, आणि त्या काविळीने कित्येक जणी गेल्या. दूध प्यायल्याने विष उतरतं अशी तेव्हा समजूत होती, म्हणून बार्नबोने स्वतःचा गोठाच ठेवला होता, १२० गाईंचा. दूध हवं तितकं प्या. वैद्यकीयदृष्ट्या त्याचा टीएनटीवर उपयोग शून्य, पण उपाशीपोटी काम करण्यापेक्षा बरं.

---

तिखटमीठ | सोमवार, रात्री ९:१०

आपल्याकडे मुलगी पिवळी व्हायची ती हळदीला. वाचून कसंतरी झालं.

---

सुईदोरा | सोमवार, रात्री १०:००

@रसायनीकर काका, तुमचं पटतंय. पण आजींना हे कसं सांगू? त्यांच्या डोक्यात लहानपणापासून हे चित्र आहे: आजी, छातीवर बिल्ला, समोर गोळ्यांची रांग.

---

धूळपाटी | सोमवार, रात्री ११:५५

सांगायची घाई करू नकोस. आणि सांगशील तेव्हा दुसऱ्या बिल्ल्याबद्दलही सांग, जो डब्यात नाही.

बार्नबोला ऑक्टोबर १९१६पर्यंत १६,००० माणसं कामाला होती, त्यातल्या शेकडा ९३ बायका-मुली. तीन पाळ्या, कारखान्यासाठी वेगळं रेल्वे स्थानक, कामगारांच्या खास गाड्या. ५ डिसेंबर १९१६, मंगळवार. रात्रपाळी नुकतीच आत आली होती. खोली क्रमांक ४२मध्ये साडेचार इंची गोळे येत, आधीच भरलेले. त्यांना फ्यूज (गोळा पेटवणारा भाग) बसवायचा आणि टोपण पिळून घट्ट करायचं, एवढंच काम. त्या खोलीत १७० जणी होत्या. रात्री १०:२७ला स्फोट झाला. ३५ जणी गेल्या, कितीतरी जखमी.

त्या प्रत्येकीच्या गळ्यात ओळखीची चकती असे. गेलेल्यांतल्या बऱ्याच जणी फक्त त्या चकतीवरून ओळखता आल्या.

काम फार वेळ थांबलं नाही. मृतदेह हलवल्यावर त्याच खोलीत जायला दुसऱ्या बायका स्वतःहून पुढे झाल्या. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, त्यामुळे बातमी बाहेर आलीच नाही. काय झालं ते लोकांना कळायला १९२४ उजाडलं. घरच्यांनी मृत्यूची जाहिरात दिली तर त्यात 'अपघाताने मृत्यू' एवढंच.

म्हणजे बघ. छातीवरचा बिल्ला ट्रामसाठी, तो आत चालत नव्हता. आत चालत होती ती गळ्यातली चकती, आणि ती कशासाठी होती हे प्रत्येकीला कळत असणार.

---

बाराबंदी | मंगळवार, सकाळी ७:३०

...

निःशब्द.

---

निमित्त_मात्र | मंगळवार, सकाळी १०:४०

सगळं ठीक आहे, पण आपण काय म्हणून त्यांच्या बिल्ल्यांचं एवढं कौतुक करतोय? त्यांचं युद्ध, त्यांचे गोळे, त्यांचं साम्राज्य. आपल्या लोकांनी काय भोगलं त्याचे धागे कधी निघणार?

---

जुना_बाजार | मंगळवार, सकाळी ११:३०

काढा की धागा. मी पहिला प्रतिसाद देतो. पण 'त्यांचं युद्ध' म्हणताय तर एक तारीख लक्षात ठेवा: २९ एप्रिल १९१६. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुतच्या वेढ्यात अडकलेली ६वी पूना डिव्हिजन त्या दिवशी तुर्कांना शरण गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या, आपल्या कोकणातली, साताऱ्याकडची पोरं. कैदेतून किती परत आली ते न विचारलेलं बरं. आणि हा तिकोनी बिल्ला सुरू झाला त्याच्या पुढच्याच महिन्यात. एकाच युद्धाची दोन टोकं आहेत ही. कौतुक कोणी करत नाहीये, ओळख पटवतोय.

---

निमित्त_मात्र | मंगळवार, दुपारी १२:०५

कुतचं मान्य. बाकी मत कायम.

---

कालवाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

उशिरा आलो. मी बर्मिंगहॅमजवळ राहतो, घरामागे कालवा. दुसऱ्या महायुद्धातला एक बिल्ला सांगतो, धाग्याला धरून आहे.

तेव्हा कालव्यांतून माल नेणाऱ्या होड्यांवर माणसं कमी पडली म्हणून बायकांना शिकवून घेतलं. लंडनहून माल भरून बर्मिंगहॅमकडे यायचं, परतताना कोळसा. एकेक झडप हाताने फिरवून पाण्याची दारं उघडायची, झोपायचं होडीतल्याच खुराड्यात. त्यांना मिळालेल्या 'नॅशनल सर्व्हिस'च्या बिल्ल्यावर 'आय. डब्ल्यू.' अशी अक्षरं होती: इनलँड वॉटरवेज, अंतर्गत जलमार्ग. कालव्यावरच्या लोकांनी त्याचा अर्थ लावला 'आयडल विमेन', म्हणजे ऐतखाऊ बायका! दिवसाला अठरा-अठरा तास राबणाऱ्या बायकांना. पुढे तेच नाव त्यांना चिकटलं, आणि आज तेच नाव अभिमानाने घेतात.

बिल्ला दिला म्हणून टोमणे थांबतातच असं नाही, हा माझा मुद्दा.

---

तिखटमीठ | मंगळवार, संध्याकाळी ७:००

@कालवाकाठ दादा, हा किस्सा जबरी. ऑफिसातून घरी येऊन स्वयंपाकाला लागताना "तू काय दिवसभर एसीत बसून असतेस" ऐकणाऱ्या समस्त भगिनींतर्फे एक आय. डब्ल्यू. बिल्ला मलाही हवा.

---

जुना_बाजार | मंगळवार, रात्री ९:५०

आता उरलेले दोन बिल्ले. फोटो पाहिले.

पेंढीवाला सोपा आहे. वर मुकुट, मधे गव्हाची पेंढी, कडेने 'विमेन्स लँड आर्मी'. पुरुष लढाईवर गेल्यावर शेती करणाऱ्या बायकांची ही फौज. पहिल्या युद्धात १९१७ला निघाली, तेव्हा दंडावर हिरवी पट्टी आणि तिच्यावर लाल मुकुट असे. १९३९ला पुन्हा उभी राहिली, आणि १९४३पर्यंत ८०,०००च्या वर गेली. तुमचा बिल्ला दुसऱ्या वेळचा. डब्यात अर्ध्या शंकरपाळ्याच्या आकाराचे कापडाचे छोटे तुकडे सापडले तर टाकू नका. दर सहा महिन्यांच्या नोकरीला तसा एक तुकडा दंडपट्टीवर शिवायला मिळत असे.

ए.आर.पी. म्हणजे एअर रेड प्रिकॉशन्स, हवाई हल्ल्यापासून बचावाचं खातं. या बिल्ल्याची अक्षरं एरिक गिल या नामांकित अक्षरकाराच्या हातची, म्हणून इतकी देखणी. सुरुवातीचे बिल्ले चांदीचे. युद्ध लांबलं तशी चांदी गेली आणि साधा धातू आला. तुमच्या बिल्ल्यामागचे बारीक ठसे म्हणजे चांदीची हमी. सोनाराकडचं भिंग लावून बघा: चालणारा सिंह असेल तर स्टर्लिंग चांदी, बिबट्याचं तोंड असेल तर लंडनचा ठसा, आणि शेजारी एक अक्षर असेल. त्या अक्षरावरून साल. लंडनच्या त्या मालिकेत ए म्हणजे १९३६, तिथून पुढे मोजा.

आपल्याकडेही ए.आर.पी. होतं. मुंबईत काचांना कागदाच्या पट्ट्या, दिव्यांना काळी टोपणं. १४ एप्रिल १९४४ला गोदीत 'फोर्ट स्टिकिन' बोट फुटली तेव्हा तयारी हवाई हल्ल्याची आणि आग लागली बंदरातच.

अजून एक. जुन्या बाजारात मला एकदा खांद्यावर लावायची पितळी अक्षरं मिळाली होती, डब्ल्यू.ए.सी.(आय). विकणारा म्हणाला, कुठल्या तरी कंपनीचं नाव असेल. ते विमेन्स ऑक्झिलिअरी कोअर, इंडिया. १९४२ला सुरू झालं, टायपिंग, टेलिफोन, सांकेतिक संदेश, गाड्या चालवणं अशी कामं. नौदलाची शाखा पुढे वेगळी झाली, डब्ल्यू.आर.आय.एन.एस., म्हणजे विमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस. त्यातल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन यांचा जून १९४५चा स्कॉटलंडमधला फोटो प्रसिद्ध आहे. गणवेश म्हणून साडी, आणि खांद्यावर हुद्द्याच्या पट्ट्या. निमित्त_मात्र, हा घ्या आपल्या धाग्याचा विषय.

---

निमित्त_मात्र | मंगळवार, रात्री १०:३०

काढतो. अक्षरांचा फोटो द्या.

---

लिंबलोण | बुधवार, सकाळी ९:००

तिकोनी बिल्ला खोटा असू शकतो का? नेटवर ढिगाने दिसतात.

---

जुना_बाजार | बुधवार, सकाळी ९:४५

असू शकतो. खरा बिल्ला ठशाने दाबून काढलेला, त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार. ओतीव नकलेत कडा साबणासारख्या मऊ आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं. झीज कुठे आहे तेही बघायचं. रोज वापरलेला बिल्ला उंचवट्यावर झिजतो आणि मागे कापडाला घासून झिजतो. नकली 'जुना' केलेला सगळीकडे सारखाच काळा असतो. ताईंचा मागे गुळगुळीत आहे, पिन वाकलीय, पुढे १९१६चा ९ जवळजवळ गेलाय. आणि तो बटणांच्या डब्यातून आलाय, दुकानातून नाही. माझ्याकडून शंभर टक्के.

फक्त एक, हा बिल्ला बार्नबोचाच असं त्यावरून सिद्ध होत नाही. देशभर तोच दिला जाई, कारखान्याचं नाव नसे. बार्नबो आपल्याला कळलं ते आजींच्या तोंडून.

---

सुईदोरा | शनिवार, रात्री ९:१५

मंडळी, आज सगळं घेऊन आजींकडे गेले होते. सविस्तर लिहिते.

आधी चांदीचा. भिंगातून सिंह दिसला, बिबट्या दिसला आणि अक्षर डी. म्हणजे १९३९. आजींना सांगितलं तर टाळी वाजवली, "म्हणजे आईचा! मी तान्ही होते तेव्हा ती रात्री हेल्मेट घालून गल्लीत फिरायची." पेंढीवाला मग मावशीचा निघाला, ती यॉर्कशरमध्येच कुठल्याशा शेतावर होती आणि आयुष्यभर टर्निप खायला नकार द्यायची. एका डब्यात तीन बायका.

मग तिकोनी. मी दोन दिवस मनात वाक्यं जुळवत होते. सांगितलं की आत धातू नेता येत नसे, केसातला आकडासुद्धा नाही. त्या गप्प बसल्या. मला वाटलं, दुखावल्या. मग उठल्या, चष्मा आणला, बिल्ला उलटा करून ती गुळगुळीत बाजू बोटाने चाचपली आणि म्हणाल्या, "म्हणूनच तो कोट."

झालं होतं असं. त्यांच्या आजीचा एक गडद निळा कोट होता, पुढे कित्येक वर्षं दाराआड टांगलेला. त्याच्या डाव्या कॉलरवर भोकांचा पुंजका होता, कसर लागल्यासारखा. लहानपणी या त्यात बोट घालायच्या आणि ओरडा खायच्या. कसर असती तर आजीने रफू केलं असतं, त्यांचा हात त्यात बसलेला होता. पण तेवढ्या भोकांना त्यांनी कधी सुई लावली नाही. रोज काढायचा आणि रोज लावायचा बिल्ला, दिवसातून दोनदा, पाळी सुरू होताना आणि सुटताना. मी शिवण करते, मला ती भोकं डोळ्यांसमोर दिसली.

चकतीबद्दल विचारलं. आजीच्या गळ्यात त्यांनी कधी काही पाहिलं नाही. "गळ्याला काही चालायचं नाही तिला. आम्ही दिलेली मोत्याची माळसुद्धा पेटीतच राहिली." यावर मी पुढे काही बोलले नाही.

@धूळपाटी, ४२ नंबरच्या खोलीचं त्यांना माहीत होतं. आजी तेव्हा सकाळपाळीला होती, एवढंच घरात बोललं जायचं.

बिल्ले परत देऊ केले, तर दोन त्यांनी ठेवून घेतले आणि तिकोनी माझ्या हातात दिला. म्हणाल्या, पिन तेवढी सरळ करून दे, मग बघू कोणी ठेवायचा. @जुना_बाजार काका, पिन सरळ करताना तुटेल का? पोलाद जुनं आहे. मी अजून हात लावलेला नाही.

---

जुना_बाजार | शनिवार, रात्री ९:४०

तुटेल. वाकडीच राहू द्या. आजींना म्हणावं, कोटावर लावायचा असेल तर वाकड्या पिनेनेही लागतो, फक्त भोक जरा मोठं पडतं.

---

सुईदोरा | रविवार, सकाळी ११:२०

सांगितलं. कार्डिगनवर लावून कचऱ्याची पेटी बाहेर ठेवायला गेल्या आहेत.